दांडीनं दांडी का मारली?

बेळगावकडच्या खानापूरच्या आतल्या एका गावातून एका वहिनींचं पत्र आलंय. पत्र मोठं आहे, कामापुरतं देतो.

"काका, आमचं घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. आमच्या खोलीत भिंतीतलं कपाट आहे. रुंदी ४ फूट २ इंच, खोली दाराच्या आतल्या अंगापर्यंत १६ इंच. आत चार कडप्पे, म्हणजे दगडी फळ्या, होते. ह्यांचे ड्युटीचे शर्ट टांगता यावेत म्हणून गवंड्याकडून मधले दोन कडप्पे काढून घेतले, खाचा सिमेंटनं बुजवल्या आणि ह्यांनी पडद्याचा एक जुना रॉड कापून आडवा लावला. मागची भिंत पावसात ओल धरते म्हणून मधोमध न लावता जरा पुढं, मागून ९ इंचावर लावला. दीड महिना चालला. गणपतीच्या आदल्या रात्री सगळं धाडकन खाली. रॉडचं टोक धरणारं डावीकडचं सॉकेट सिमेंटच्या ढेकळासकट निघून आलं, उजवीकडचं अजून भिंतीला आहे. हे म्हणतात स्क्रू लहान पडले, तीन इंची मारतो. सुतार म्हणतो भिंतच कामाची नाही, सगळं कपाट प्लायमध्ये नवीन करा. सासूबाई म्हणतात, घड्या घालून ठेवायला काय झालंय, टांगायला वळणी आहे की. कुणाचं ऐकू? आणि एक, कपाटाचं दारही हल्ली गुडघ्यानं दाबून कडी घालावी लागत होती, पावसानं फुगलं असेल. ते पण कसं तासून घ्यायचं सांगा."

वहिनी, दार तासू नका. ते शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण सगळ्या पत्रात कामाचं वाक्य तेच आहे.

पावसात फुगलेलं दार कसं वागतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. जांबोटी-कणकुंबीच्या अंगाला पावसाळ्यात कुठल्या घरातलं दार फुगत नाही? ते चौकटीला कडेनं घासतं, उघडताना अडतं, खांदा लावून ओढावं लागतं. एकदा बसलं की मात्र जागेवर बसून राहतं. तुमचं दार दाबून ठेवलं तर बसतंय आणि कडी काढली की आपसूक बाहेर येतंय, बरोबर ना? म्हणजे त्याला आतून कुणीतरी ढकलतंय. आता रॉड पडलाय, कपडे बाहेर आहेत. आज दार लावून बघा. मुकाट्यानं लागलं तर ढकलणारे ते हँगरच होते.

हिशेब करू. मोठ्या माणसाच्या शर्टाचा हँगर साधारण १७ इंचांचा असतो. त्याचा आकडा मधोमध, म्हणजे रॉडच्या दोन्ही अंगांना साडेआठ-साडेआठ इंच. रॉड मागून ९ इंचावर, त्यात साडेआठ मिळवा, झाले साडेसतरा. कपाट १६ इंच. दीड इंच हँगर दाराच्या बाहेर, त्यावर शर्टाचा खांदा आणि बाहीची चुणी वेगळी. हे सगळे हँगर दारानं मागं रेटायचे, हँगरच्या आकड्यांनी रॉड मागं रेटायचा, आणि कडी काढली की सगळं परत पुढं. दिवसातून चार वेळा कपाट उघडलं तरी दीड महिन्यात पावणेदोनशे वेळा त्या बिचाऱ्या सॉकेटला हिसका बसला.

जमिनीतली खुंटी उपटायची असली की आपण काय करतो? वरून दाबत नाही. पुढं-मागं डुलवतो. तुमच्या घरात दारानं तेच काम रोज केलं.

वजनाचं म्हणाल तर पंचवीस शर्ट म्हणजे सहा-सात किलो. त्यात दोन-चार जीन्स आणि एखादं जर्किन धरलं तरी दहाच्या आसपास. एवढा भार दोन धड बसलेली सॉकेटं हसत घेतात. डावीकडचं आधी निघालं, कारण ते धड भिंतीत नव्हतंच. ढेकूळ सोबत आलं असं तुम्ही लिहिलंय. ते ढेकूळ म्हणजे काढलेल्या कडप्प्याची बुजवलेली खाच. जुन्या, धूळभरल्या, कोरड्या खाचेत गवंडी सिमेंट भरतो तेव्हा ते वरून गुळगुळीत दिसतं, पण आत चिऱ्याला चिकटलेलं नसतं. बाटलीला बूच बसावं तसं नुसतं बसलेलं असतं. तुमच्या ह्यांनी नेमकं त्या बुचात स्क्रू मारला. तीन इंची मारला असता तरी बूच मोठ्या स्क्रूसकट बाहेर आलं असतं, दुसरं काही नाही.

आणि समजा भिंत पोलादाची असती, रॉड जन्मभर पडला नसता, तरी दार लागलंच नसतं. हे ध्यानात घ्या, म्हणजे पुढचा खर्च वाचेल. शर्ट आडव्या रॉडवर, म्हणजे आपल्याकडं खांदा करून टांगायचे तर कपाट आतून किमान २२ इंच खोल लागतं, २४ असलं तर सुख. जुन्या घरात ते कुठून येणार? भिंतीतलं कपाट भिंतीच्या जाडीतूनच कोरलेलं. चिऱ्याची भिंत दीड-पावणेदोन फूट, त्यातून मागं एक पातळ पडदी सोडली की उरतात पंधरा-सोळा इंच. बांधणाऱ्यानं ते घड्यांसाठी, डब्यांसाठी आणि दागिन्यांच्या पेटीसाठी केलं होतं. हँगर तेव्हा घरात नव्हताच.

म्हणून रॉड फिरवा. डावीकडून उजवीकडं नको, मागून पुढं घ्या. कपडे मग खांदा करून न राहता तुमच्याकडं तोंड करून राहतील, दुकानात शोला लावतात तसे. हँगरची १७ इंच रुंदी कपाटाच्या रुंदीत जाईल आणि रुंदी तुमच्याकडं ५० इंच आहे. असे दोन आखूड रॉड शेजारी-शेजारी आरामात बसतात. तेरा इंचांच्या एका रॉडवर बारा शर्ट धरा, दोनांवर चोवीस. ड्युटीचे शर्ट त्यात येतात.

आता हे रॉड लटकवायचे कशाला? भिंतीला नाही. तुमच्या सुताराचं अर्धं म्हणणं खरं आहे. चिरा खाणीतून काढताना तासता येईल इतका मऊ असतो, वारा लागला की बाहेरून कडक होतो. पण आत छिद्रं असतात, छिद्रांत माती असते. हॅमर लावून ड्रिल केलं की आठ मिलिमीटरचं भोक बघता बघता चौदाचं होतं आणि प्लग आत भिरभिरत राहतो. वरच्या कडप्प्यालाही प्लग ठोकू नका. कडप्पा कडक खरा, पण काचेसारखा ठिसूळ. इंचभर जाडीच्या दगडात प्लग फुगला की कडेपर्यंत तडा गेलाच. ज्यांना कडप्प्यालाच लटकवायचंय त्यांनी आरपार भोक पाडावं. हॅमर बंद ठेवून, बिटावर पाणी सोडत, कडेपासून दोन-अडीच इंच आत. मग बोल्ट घालून वरून-खालून मोठे वॉशर, वॉशरखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा, आणि नट बेतानं आवळावं. होतं, पण हात बसलेल्या माणसाचं काम आहे. एकदा माझ्याच हातून एका घरातला अख्खा कडप्पा दुभंगला होता. घरमालकिणीनं चहा दिला, पण बशी जरा आपटूनच ठेवली.

तुमच्यासाठी मी सांगतो ते असं: कपाटाच्या आत एक टेबल उभं करा. तीन उभ्या फळ्या आणि वर एक आडवी. उभ्या फळ्या खालच्या कडप्प्यावर टेकतील, रॉड वरच्या फळीला खालून लटकतील, आणि कपड्यांचं वजन फळ्यांतून सरळ खाली उतरेल. भिंतीवर काही भार येणार नाही.

१८ मिलिमीटरचा प्लाय घ्या. पाणी सोसणारा घ्या, त्यावर आयएसआयच्या शिक्क्यासोबत ७१० हा आकडा असतो. ३०३ लिहिलेला साधारण कामाचा, तुमच्या ओलसर खोलीत तो नको. पार्टिकल बोर्ड फुकट मिळाला तरी आणू नका, दोन पावसाळ्यांत बिस्किटासारखा फुगेल. आठ बाय चारची एक शीट पुरते, कशी ते बघा. लांबीच्या बाजूनं साडेचौदा इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापून घ्या. प्रत्येक पट्टी ९६ इंच लांब. प्रत्येकीतून ६० इंचांची एक उभी फळी निघेल आणि ३६ इंचांचा एक तुकडा उरेल. वरची फळी हवी पन्नास इंचांना किंचित कमी, म्हणून ती दोन तुकड्यांत करायची आणि मधल्या उभ्या फळीवर जोडायची. तिसरा तुकडा उरतो तो जोडाखालच्या पट्ट्यांना. मधली फळी जेमतेम पाऊण इंच जाड, तिच्यावर दोन तुकड्यांना मिळून तेवढाच टेका मिळतो. म्हणून तिच्या दोन्ही अंगांना वर एक-एक इंची पट्टी स्क्रूनं बसवायलाच हवी. सुतार "चालतंय की" म्हणेल, ऐकू नका. तीन फळ्यांची जाडी वजा जाता दोन्ही कप्पे पावणेचोवीस इंचांचे होतात, हँगरला दोन्हीकडं तीन-तीन इंच मोकळे.

कापायच्या आधी दोन कडप्प्यांमधली उंची तीन ठिकाणी मोजा: डावीकडं, मधे, उजवीकडं. जुन्या घरात तिन्ही मापं सारखी आली तर मला कळवा, मी बघायला येतो. मी ६० इंच अंदाजानं लिहिलंय. तुमची जी सगळ्यांत कमी भरेल तिच्यातून वरच्या फळीची जाडी आणि बोटभर जागा वजा करून उभ्या फळ्या कापा. टेबल तिरपं न घालता सुटे भाग आत नेऊन आतच जोडायचं, हेही आधी ठरवा. नाहीतर बाहेर झकास जोडलेलं टेबल चौकटीतून आत जात नाही आणि मग घरात सगळे एकमेकांची तोंडं बघतात.

फळ्या साडेचौदा इंच का, सोळा का नाही, असं सुतार विचारेल. मागं एक इंच वाऱ्याला, पुढं अर्धा इंच दाराला. मागची भिंत ओल धरते असं तुम्हीच लिहिलंय. लाकूड तिला टेकलं की ओल फळीत, फळीतून कपड्यात. तो एक इंच म्हणजे तुमचा पावसाळ्याचा विमा समजा. फळ्यांच्या कापलेल्या कडा, खास करून खालच्या, प्रायमर नाहीतर वार्निशचे दोन हात दिल्याशिवाय कडप्प्यावर टेकवू नका. प्लाय पाणी पितो तो कडेनंच. आणि काम सुरू करायच्या आधी टॉर्च घेऊन त्या बुजवलेल्या खाचा बघा. मातीची बारीक नळी चढताना दिसली तर ती वाळवी. तिचा बंदोबस्त आधी, फळी नंतर.

टेबल पुढं कलंडू नये म्हणून दोन्ही कडेच्या फळ्या चौकटीला छोट्या एल पट्टीनं धरायच्या, वर एक आणि खाली एक. तुमच्या भागातल्या जुन्या घरांना चौकट बहुतेक मत्तीची नाहीतर किंदळाची असते. त्या लाकडात आधी बारीक भोक पाडल्याशिवाय स्क्रू घातला तर स्क्रूची मान तुटून हातात येईल.

रॉड दोन प्रकारचे मिळतात. साधा पाइप दोन टोकांना वरून लटकणाऱ्या होल्डरमध्ये बसवायचा. नाहीतर ओढून पुढं येणारा रॉड फळीला खालून लावायचा, १२-१४ इंची मिळतो. दुसरा महाग, पण मागचा शर्ट काढायला पुढचे अकरा हलवावे लागत नाहीत. पहाटेची पाळी असणाऱ्या माणसाच्या बायकोला त्याची किंमत कळेल. बेळगावात आलात तर गणपत गल्ली-खडेबाजारच्या अंगानं फिरा, हार्डवेअरवाल्याला कपाटाचा हँगर पाइप म्हणालात की मराठीत म्हणा नाहीतर कानडीत म्हणा, समोर काढून ठेवतो. घेताना स्टीलचाच घ्या. लग्न झालं त्या वर्षी मी घरात नळाचा जीआय पाइप ऑइलपेंट मारून लावला होता. हँगर सरकून सरकून रंग खरवडला, खाली गंज धरला आणि सासुरवाडीला घालायच्या पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर तपकिरी भुकटी. बायको आजही काढते.

रॉडची वरची कड आणि फळी यांत दोन ते अडीच इंच राहू द्या, नाहीतर हँगरचा आकडा वर उचलून काढता येत नाही. शर्टाला रॉडपासून खाली ४० इंच पुरतात, तुमच्या लांब कुर्त्यांना ४८ धरा. म्हणजे एका कप्प्यात खाली बॅग राहील, दुसऱ्यात चपलांचे खोके. एवढं सगळं एका सुताराचं एका दिवसाचं काम आहे. कपाट नवीन करायची काही गरज नाही, हे त्याला माझं नाव सांगून म्हणा.

ज्यांच्याकडं खोल कपाट आहे, टिळकवाडी-हिंदवाडीकडच्या फ्लॅटमधल्यासारखं दोन फुटी, त्यांनी खुशाल आडवा रॉड लावावा. मागून बारा इंचावर. माप रॉडच्या उंचीला घ्यायचं, खाली जमिनीजवळ नाही, आणि पाइप अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, कमी कापायचा. वीटबांधकाम असेल तर प्लग गिलाव्याच्या मागं विटेत गेला पाहिजे. गिलावाच अर्धा-पाऊण इंच असतो, त्यातच प्लग थांबला तर तो गिलाव्याला धरून आहे, भिंतीला नाही. बटणाच्या बोर्डाच्या सरळ वर-खाली ड्रिल घालू नका, वायर तिथूनच गेलेली असते. आणि लांबीचा मोह आवरा. तीन फुटांचा रॉड सहा फुटांचा केला आणि तसाच दाटीनं भरला तर तो दुप्पट नाही, सोळा पट झुकतो. चार फुटांपुढं मधे आधार द्यायचाच. पाइप पाऊण इंचाऐवजी एक इंचाचा घेतला तर तेवढ्याच जाडीच्या पत्र्यात ताठपणा दुपटीहून जास्त वाढतो, तेव्हा चार पैसे तिथं घाला.

आता सासूबाईंचं. त्या निम्म्या बरोबर आहेत आणि त्यांना तसं सांगा. जरीच्या, रेशमी साड्या हँगरवर टांगायच्याच नाहीत. जरीच्या पदराचं वजन महिनोन्महिने एकाच घडीवर लोंबतं आणि रेशीम तिथंच विरतं. शहापूर-वडगावकडं मागावर बसलेल्या कुणालाही विचारा. त्या साड्या जुन्या मऊ सुती धोतरात गुंडाळून वरच्या कडप्प्यावर, आणि दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या रेघेवर घालायची. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू द्यायच्या नाहीत, पुरचुंडी करून कोपऱ्यात. रोजच्या सुती साड्या टांगल्या तर हरकत नाही, पण त्या दोन रॉडवर शर्टांशी भांडतील. काढलेले दोन कडप्पे टाकून दिले नसतील तर ठेवा. एक तुळशीसमोर बसायला होतो, एक मोरीत.

ओल्या शर्टाला मात्र कपाट नाही. पावसाळ्यात "जवळजवळ वाळलाय" म्हणून आत टांगलेला एक शर्ट बाकी तेवीसांना बुरशी लावतो. त्याला सासूबाईंची वळणीच बरी, चुलीच्या अंगाला.

फळ्या कापायला देण्याआधी एक करा. हँगरवर घरातलं सगळ्यांत जाड जर्किन चढवा, ह्यांना कपाटासमोर उभं करा आणि हातात धरून तो हँगर आत तोंड पुढं करून धरायला सांगा. तुम्ही दार लावून बघा. मनगट अडकेल, ते सोडून बाकी काही अडत नसेल तर सुताराला बोलवा.

आणि तो पडद्याचा रॉड परत पडद्याला लावा.